तारेखालचं झाड

गुरुवार, १४ ऑगस्ट २००३. अमेरिकेच्या ओहायो राज्यात उन्हाळ्यातला नेहमीसारखा दिवस होता. क्लीव्हलंडमध्ये पारा तिशीच्या जरा वर होता. विदर्भातला माणूस त्याला ऊन म्हणणारही नाही. पण वारा पडला होता, आणि ती गोष्ट महत्त्वाची आहे. वीज वाहून नेणारी तार तापते. उघड्यावर तिला थंड करणारा वाराच असतो.

इथल्या सगळ्या वेळा ओहायोच्या घड्याळातल्या आहेत. त्यात साडेनऊ तास मिळवले की आपली वेळ येते. तिकडे शेवटची काही मिनिटं सुरू झाली तेव्हा आपल्याकडे १५ ऑगस्टची तारीख लागून दीड तास होऊन गेला होता, आणि सकाळच्या झेंडावंदनाचे धुतलेले गणवेश खुंटीला टांगून पोरं झोपली होती.

सकाळ

क्लीव्हलंड आणि ॲक्रन या भागाला वीज पुरवणारी कंपनी फर्स्टएनर्जी. तिचा डेव्हिस-बेसी अणुवीज प्रकल्प दीड वर्षापासून बंद होता, कारण अणुभट्टीच्या झाकणाचं पोलाद गंजून खड्डा पडल्याचं २००२ मध्ये उघड झालं होतं. ईस्टलेक केंद्राचा चौथा संच आदल्या दिवशीच बंद पडला होता. त्यामुळे त्या दिवशी या शहरांची बरीच वीज लांबून, ३४५ किलोव्होल्ट (केव्ही) दाबाच्या तारांवरून येत होती.

लांबून आणलेल्या विजेत एक उणीव राहते. दाब टिकत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या विहिरीवरची मोटर चालू होते, घुमते, तापते, पण पाणी काही वर चढत नाही. ‘व्होल्टेज नाही’ म्हणून तो स्टार्टर बंद करतो आणि बांधावर बसून राहतो. दाब धरून ठेवणारी जी वीज, तिला अभियंते रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. ती दूरवर पोचत नाही. जवळच्याच केंद्रातून यावी लागते. दुपारी घराघरांतले एसी सुरू झाले की तिची ओढ वाढते. ती पुरवणाऱ्या क्लीव्हलंडजवळच्या मोठ्या यंत्रांपैकी एक होता ईस्टलेकचा पाचवा संच.

दुपारी १२.१५

शेजारच्या इंडियाना राज्यात कार्मेल इथे मिसो या संस्थेचं नियंत्रण केंद्र आहे. अनेक वीज कंपन्यांच्या जाळ्यावर वरून नजर ठेवणं हे तिचं काम. तिथला एक संगणकीय कार्यक्रम दर पाच मिनिटांनी सगळ्या जाळ्याचा हिशोब मांडत असे आणि आता एखादी लाइन पडली, म्हणजे बंद झाली, तर पुढे काय होईल ते सांगत असे. त्या दुपारी एका बंद लाइनची नोंद त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, म्हणून हिशोब जुळेना. विश्लेषकाने आपोआप चालणारी फेरी थांबवली, चूक शोधली, दुरुस्त केली. फेरी पुन्हा चालू करायची मात्र राहून गेली, आणि तो जेवायला गेला.

अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त चौकशी पथकाच्या अहवालात हे इतक्याच साधेपणाने नोंदवलं आहे. मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्या माणसाचा राग येत नाही. कुलूप लावून किल्ली दारालाच विसरणारं माणूस प्रत्येक घरात असतं. पण पाच कोटी लोकांचा उजेड अशा एका बटणापाशी येऊन थांबतो, हे कळलं की पोटात गोळा येतो.

१.३१

ईस्टलेकचा पाचवा संच पडला. दाब सावरण्यासाठी त्याच्याकडून जास्तीत जास्त रिॲक्टिव्ह पॉवर काढायचा प्रयत्न चालला होता, तेवढ्यात त्याच्या संरक्षण यंत्रणेने त्याला बंद केलं. जवळपास ६०० मेगावॉट एका क्षणात गेले. संच पडणं ही ग्रिडमध्ये रोजची गोष्ट आहे. ग्रिड अशा वेळी दुसरीकडून वीज खेचून घेतं, त्यासाठीच ते एकमेकांना जोडलेलं असतं. खेचलेली वीज दक्षिणेकडच्या तारांवरून आली, आणि त्या तारा आणखी थोड्या तापल्या.

२.०२

दक्षिण ओहायोत दुसऱ्याच एका कंपनीची स्टुअर्ट–ॲटलांटा ही लाइन झाडाला टेकून पडली. पुढच्या अनर्थाशी तिचा थेट संबंध नव्हता. पण ती पडल्याची नोंद मिसोच्या हिशोबात गेली नाही, आणि आपोआप चालणारी फेरी सुरू करायची राहिली आहे हे लक्षात आल्यावरही त्यांचं उत्तर बराच वेळ जुळलं नाही.

२.१४

फर्स्टएनर्जीच्या कंट्रोल रूममधला अलार्म मुका झाला.

ही साधी घंटा नव्हती. जाळ्यावर कुठे काही बिघडलं की पडद्यावर ओळ उमटायची आणि आवाज व्हायचा. त्या संगणक प्रणालीत दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीत लिहू लागल्या तर सगळं अडकावं, असा एक दोष दडून होता. वर्षानुवर्षांत न जुळलेला तो योग त्या दिवशी जुळून आला. अलार्म देणारा भाग आपल्यातच फिरत राहिला. नव्या सूचना येत गेल्या आणि मागे रांगेत साचत गेल्या. हा दोष नेमका कुठे होता हे शोधायला नंतर तज्ज्ञांना अनेक आठवडे लागले.

अलार्म बंद पडला आहे, हे सांगणारा अलार्म नव्हता. समोरचा पडदा उजळलेला होता. शांतता होती. ऑपरेटर त्या शांततेलाच सगळं ठीक असल्याची खूण समजले, आणि दीड तास तसंच समजत राहिले.

२.२७

स्टार–साउथ कॅन्टन ही ३४५ केव्हीची लाइन झाडाला टेकून पडली आणि लगेच आपोआप पुन्हा जोडली गेली. तिचं दुसरं टोक शेजारच्या एईपी कंपनीकडे होतं. तिथल्या अलार्मने काम केलं. २.३२ वाजता एईपीच्या माणसाने फोन केला : तुमच्याकडे ही लाइन पडून परत आली का? फर्स्टएनर्जीच्या ऑपरेटरने पडदा बघितला. तिथे काहीच नव्हतं. नाही, असं त्याने सांगितलं.

शेजाऱ्याने दार वाजवून सांगावं की तुमच्या परसात धूर दिसतोय, आणि आपण पुढच्या खिडकीतून बघून म्हणावं, इथे तर काही नाही.

२.४१ ते २.५४

साचलेल्या सूचनांच्या ओझ्याने मुख्य सर्व्हर बसला. काम राखीव सर्व्हरकडे गेलं, पण ओझंही तेच गेलं, म्हणून तेरा मिनिटांनी तोही बसला. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा पडदा आता मिनिटभर घेऊ लागला. संगणक विभागातल्या माणसांच्या पेजरवर आपोआप संदेश गेले. ते दुरुस्तीला लागले. ३.०८ वाजता त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला आणि तो उठला, एवढं पाहून समाधान मानलं. अलार्म चालू झाला का, हे त्यांनी ऑपरेटरांना विचारलं नाही. ऑपरेटरांना तर तो गेला होता हेच माहीत नव्हतं. दोघांचं काम एकाच कंपनीचं होतं, त्याच यंत्रावर चालत होतं.

३.०५ आणि ४१ सेकंद

इथे जरा थांबू या, कारण खरा घाव इथे बसला.

उंच मनोऱ्यांवरून जाणारी तार दुरून सरळ दिसते. प्रत्यक्षात दोन मनोऱ्यांच्या मध्ये ती खाली झुकलेली असते. या झुकण्याला आपल्याकडे झोळ म्हणतात. तारेच्या पोटात पोलादाचा गाभा असतो आणि भोवती ॲल्युमिनियमचे पेड वळलेले असतात. प्रवाह वाढला की धातू तापतो, तापला की लांबतो, लांबला की झोळ वाढतो. बिनवाऱ्याच्या दुपारी भरल्या भाराने वाहणारी तार सकाळपेक्षा चांगलीच खाली आलेली असते. हे सगळं गृहीत धरूनच मनोऱ्यांची उंची ठरवतात. तारेखालची पट्टी मोकळी ठेवायची असते ती यासाठीच. ३४५ केव्हीला स्पर्शही लागत नाही. फांदी पुरेशी जवळ आली की वीज मधल्या हवेतूनच उडी मारते.

चेंबरलिन–हार्डिंग लाइन ३.०५ वाजता झाडावर पडली. त्या क्षणी ती आपल्या क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भार वाहत होती. हा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. तारेवर अर्धाही भार नव्हता. ती ठरल्यापेक्षा खाली आलेली नव्हती. झाड वर आलं होतं. कंपनीच्या वेळापत्रकात या पट्ट्यांतली झाडं पाच वर्षांतून एकदा छाटायची असं होतं, आणि झाडाने त्या पाच वर्षांची वाट बघितली नव्हती.

चौकशी पथकाने नंतर संगणकावर तो दिवस पुन्हा उभा केला. ३.०५ पर्यंत जाळं सुरक्षित होतं, कुठलीही एक लाइन किंवा कुठलाही एक संच पडला असता तरी तरलं असतं. ईस्टलेक पडूनही ते तसंच होतं. आलेली वीज कमी पडली म्हणून हे झालं नाही. उष्म्यामुळेही नाही. एका झाडाने पहिली कडी तोडली, आणि तिचा भार उरलेल्या तारांवर गेला.

कंट्रोल रूममध्ये काही वाजलं नाही.

३.१९

एईपीचा पुन्हा फोन आला. आम्ही नोंदी तपासल्या, ती २.२७ ची लाइन खरोखरच पडून परत आली होती. फर्स्टएनर्जीकडून पुन्हा तेच उत्तर गेलं.

३.३२ आणि ३ सेकंद

हॅना–ज्युनिपर, ३४५ केव्ही. भार ८८ टक्के. क्लीव्हलंडच्या दक्षिणेला वॉल्टन हिल्स या गावाजवळ ती झाडावर पडली. झाडं छाटणारी माणसं त्या वेळी जवळच कामावर होती आणि त्यांनी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला.

म्हणजे छाटणी चालू होती. माणसं होती, यंत्रं होती, पैसा मंजूर होता. फक्त ते त्या झाडापर्यंत अजून पोचले नव्हते. माझ्या मनात ती माणसं राहून राहून येतात. हेल्मेट घातलेली, करवतीचा भुसा अंगावर असलेली, आणि समोर निळा-पांढरा लोळ. आपण काय पाहिलं याचा पुढचा अर्थ त्यांना तेव्हा कळणं शक्यच नव्हतं.

३.३५ ते ३.४१

आता फोन थांबेनात. एईपीचा आला, स्टार–साउथ कॅन्टनवर भार फार झालाय म्हणून. मिसोचा आला, तुमच्याकडे काय चाललंय विचारायला. फर्स्टएनर्जीच्याच पेरी अणुवीज केंद्रातून आला. दाब हेलकावे खातोय, असंच चाललं तर आमचा संच टिकणार नाही, असं तिथले लोक सांगत होते. ऑपरेटर प्रत्येक फोन घेत होते, पडदा बघत होते, आणि पडद्यावरचं जुनं चित्र या सगळ्या जिवंत माणसांना खोटं ठरवत होतं.

३ वाजून ४१ मिनिटं ३५ सेकंद. स्टार–साउथ कॅन्टन गेली. भार ९३ टक्के, आणि पुन्हा झाडच. दुपारी २.२७ ला याच लाइनने इशारा दिला होता.

छत्तीस मिनिटांत तीन मोठ्या लाइनी गेल्या, तिन्ही झाडांमुळे.

३.४२

कंट्रोल रूममधल्या एकाने अखेर संगणक विभागाला फोन करून सांगितलं की पडद्यावरची माहिती बदलतच नाहीये. अलार्म गेल्याला अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली होती.

३.४५ ते ४.०५

मोठे रस्ते बंद झाले की वाहनं गल्लीबोळांतून घुसतात. ३४५ केव्हीवरचा भार आता १३८ केव्हीच्या लहान तारांवर उतरला. त्या एवढ्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. त्याही तापल्या, झोळ खाऊन खाली आल्या, एकेक करून पडू लागल्या. ३.३९ पासून ४.०८ पर्यंत अशा सोळा लाइनी गेल्या. ॲक्रनच्या काही भागांत दिवे गेले. कारखाने आपोआप सुटे झाले.

या वीस मिनिटांत एक उपाय हातात होता. चौकशी अहवाल स्पष्ट सांगतो : क्लीव्हलंड–ॲक्रन भागातला १,५०० मेगावॉटचा भार त्या वेळी मुद्दाम तोडला असता, तर अनर्थ तिथेच थांबला असता. आपल्या भाषेत सांगायचं तर, लोडशेडिंग.

महाराष्ट्राने या शब्दाखाली किती रात्री काढल्या ते आठवतं. अभ्यास करणारी पोरं, आटलेल्या टाक्या, रात्री दोनला पिकाला पाणी द्यायला उठलेली माणसं. आपण त्याला शिव्याच दिल्या, आणि त्या वर्षांचा जाच खराच होता. पण भार तोडणं हे ग्रिड वाचवायचं शेवटचं हत्यारही असतं. ते उचलायला ऑपरेटरला दोन गोष्टी लागतात. संकट आलंय हे डोळ्यांना दिसायला हवं, आणि स्वतःच्या हाताने लाखो लोकांना अंधारात ढकलण्याची हिंमत हवी. फर्स्टएनर्जीच्या ऑपरेटरांना पहिलीच गोष्ट मिळाली नव्हती. जे दिसत नाही त्यासाठी शहर बंद करायला कुणाचा हात धजावेल?

४.०४ वाजता कार्मेलमधला मिसोचा हिशोब अखेर जुळला आणि आपोआप चालू लागला. उरली होती दोन मिनिटं.

४.०५ आणि ५७ सेकंद

सॅमिस–स्टार. क्लीव्हलंडकडे पूर्व ओहायोतून जाणारी ही मोठी वाट. या वेळी खाली झाड नव्हतं. लाइन तुटली नाही, कुठे टेकली नाही. तिला तिच्याच पहारेकऱ्याने बंद केलं.

प्रत्येक लाइनच्या टोकाला रिले असतो. दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून तो ओळखतो की पुढे कुठे शॉर्टसर्किट झालंय का, आणि झालं असेल तर ब्रेकर उघडतो. त्याच्या नजरेचे टप्पे असतात. सगळ्यात लांबचा टप्पा म्हणजे झोन थ्री, शेजारच्या लाइनवरचा दोषही दिसावा म्हणून ठेवलेला. दाब उतरला आणि प्रवाह फुगला की त्या लांबच्या नजरेला भाराने वाकलेली धडधाकट लाइनही शॉर्टसर्किटसारखीच भासते. रिलेने त्याला शिकवलं होतं तेच केलं. लाइन तोडली.

इथून पुढे माणसाच्या हातात काही राहिलं नाही. मिनिटांची गोष्ट सेकंदांवर आली.

४.०८ ते ४.१३

४.०९ च्या सुमारास पश्चिम आणि मध्य ओहायोतल्या आणखी दोन वाटा बंद झाल्या. क्लीव्हलंडकडे दक्षिणेतून जाणारी वीज आता उलटी फिरून मिशिगनमधून येऊ लागली. ४ वाजून १० मिनिटं ३६ सेकंदांनी मिशिगन पूर्व-पश्चिम दुभंगलं. पुढच्या दोन-तीन सेकंदांत ईरी सरोवराच्या दक्षिण काठाची वाटही बंद झाली. क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट या दोन भुकेल्या शहरांना वीज द्यायला एकच रस्ता उरला : पेनसिल्व्हेनियातून न्यूयॉर्क राज्यात, तिथून नायगराजवळून कॅनडाच्या ऑन्टारिओत, आणि अख्ख्या सरोवराला वळसा घालून मिशिगनमध्ये. सुमारे ३,७०० मेगावॉटचा लोंढा त्या वाटेने उसळला.

धरणाचं दार तुटल्यावर पाणी जसं मिळेल त्या ओढ्यातून धावतं तसा तो धावला, आणि वाटेतल्या प्रत्येक रिलेला तो दोषासारखाच दिसला. न्यूयॉर्क पेनसिल्व्हेनियापासून तुटलं. न्यू इंग्लंड न्यूयॉर्कपासून तुटलं. ऑन्टारिओ न्यूयॉर्कपासून तुटलं. जिथे वीज कमी पडली तिथे फ्रिक्वेन्सी खाली गेली, जिथे उरली तिथे वर गेली, आणि दोन्हीकडची केंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत गेली.

४.१३ पर्यंत सगळं संपलं होतं. सॅमिस–स्टार पडल्यापासून जेमतेम सात मिनिटं. २६५ वीज केंद्रांमधले ५०८ संच बंद. ६१,८०० मेगावॉट भार गेला. आज सगळ्या महाराष्ट्राची भर उन्हाळ्यातली मागणी साधारण तीस हजारांच्या घरात जाते, हे त्याच्या दुप्पट झालं. अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून पाच कोटी माणसं.

संध्याकाळ आणि रात्र

न्यूयॉर्कमध्ये कचेऱ्या सुटायची वेळ झाली होती. भुयारी रेल्वेच्या गाड्या बोगद्यांत जागच्या जागी थांबल्या. माणसं अंधारात रुळांच्या कडेने चालत बाहेर आली. उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये लोक अडकले. सिग्नल गेले तशी सामान्य नागरिकांनी चौकात उभं राहून वाहतूक हाती घेतली. ब्रुकलिन पुलावरून हजारोंचा लोंढा पायी घरी निघाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. सगळ्यांच्या मनात पहिली भीती तीच आली, कुणी हल्ला केला का? हल्ला नाही, एवढं सरकारने लवकर सांगितलं. झाडांची गोष्ट कळायला वेळ लागला.

क्लीव्हलंडमध्ये पाण्याचे पंप बंद पडले. सरोवराच्या काठावरच्या शहरात नळ कोरडे, आणि पाणी आल्यावरही उकळून प्यायची सूचना. डेट्रॉइट, टोरांटो, न्यूयॉर्क. तिन्हीकडे आपली मराठी माणसं आहेत. मोबाइलची जाळी कोंडली होती. इकडे पहाटे टीव्ही लावलेल्या आईबापांना पडद्यावर पुलावरची ती गर्दी दिसत होती, आणि त्यात आपलं माणूस कुठे असेल याचा अंदाज करत बसण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

त्या रात्री मॅनहॅटनवर चांदण्या दिसल्या, हे सगळ्यांनी हौसेने लिहिलं. मला मात्र दुसरी एक नोंद विसरता येत नाही. २०१२ मध्ये एका संशोधनाने न्यूयॉर्क शहरातल्या त्या दोन दिवसांच्या मृत्यूंचा हिशोब मांडला. नेहमीपेक्षा सुमारे ९० जण जास्त गेले होते. त्यांचे फोटो कुठे छापले गेले नाहीत. वीज गेल्याने मरणारं माणूस विजेमुळे मेलं अशी नोंद होत नाही. हृदय थांबलं, श्वास कोंडला, जिने चढताना कोसळलं, अशी होते.

न्यूयॉर्क शहराची वीज दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास पूर्ण आली. काही भागांना चार दिवस लागले, आणि ऑन्टारिओत आठवड्याहून जास्त काळ आळीपाळीने वीज जात राहिली.

एवढ्यावर निभावलं ते रिलेंमुळेच. त्यांनी लाइनी तोडल्या, पण यंत्रं जळू दिली नाहीत. मोठा ट्रान्सफॉर्मर शेकडो टन वजनाचा असतो, दुकानात तयार मिळत नाही, मागणी नोंदवल्यावर घडवायला वर्ष-वर्ष लागतं. जवळपास दहा वर्षांनी, १६ एप्रिल २०१३ च्या पहाटे, कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ उपकेंद्रावर अज्ञात माणसांनी कुंपणाबाहेरून गोळ्या झाडल्या. १७ ट्रान्सफॉर्मर निकामी झाले. वीज दुसऱ्या वाटेने वळवल्यामुळे दिवे गेले नाहीत, पण उपकेंद्र पुन्हा उभं करायला २७ दिवस गेले. गोळ्या झाडणारे कधीच सापडले नाहीत. उघड्या माळावरचं लोखंड आणि तेल, मध्ये जाळीचं कुंपण, एवढाच हा सगळा पसारा.

त्यानंतर

अमेरिकेत २००५ मध्ये कायदा झाला. तोवर स्वेच्छेने पाळायचे असलेले ग्रिडचे नियम २००७ पासून सक्तीचे झाले, दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंडासह. त्यांतला एक नियम फक्त तारांखालच्या झाडाझुडपांचा आहे.

झोन थ्रीची गोष्ट मात्र संपली नव्हती. ३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातली बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाइन झोन थ्रीच्या रिलेने तोडली. दोष नव्हता, भार होता. बाजूची लाइन ७६५ केव्हीला चढवायच्या कामासाठी बंद होती. उत्तरेत पावसाने ओढ दिलेली, पंजाब-हरियाणात भातासाठी पंप चालू. आपल्याकडे पाऊस झाल्याने मागणी उतरलेली. पश्चिमेची वीज त्या एका वाटेने उत्तरेकडे धावत होती. उत्तरेचं ग्रिड गेलं. दिवसभरात ते कष्टाने उभं केलं, आणि ३१ जुलैला दुपारी एक वाजता तीच लाइन तशाच रिलेने पुन्हा तोडली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिड गेली. सुमारे ४८,००० मेगावॉट. साठ कोटींहून जास्त माणसांचा मुलूख. पश्चिम बंगालमध्ये शेकडो खाणकामगार खाली अडकले, शेकडो रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. ऊर्जा खातं तेव्हा आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे होतं. त्याच दिवशी त्यांच्याकडे गृहखातं आलं.

महाराष्ट्र त्या दिवशी वाचला, कारण पश्चिमेचं ग्रिड वेळेत तुटून वेगळं झालं. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रिडही देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. आता सगळा देश एका तालात, पन्नास हर्ट्झवर चालतो. मदत लांबून येऊ शकते, आणि लोंढाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत वायरमन आला, बांबूला कोयता बांधून. पावसाळ्याआधीचं काम. कोपऱ्यावर माझा लाडका बहावा आहे, आणि त्या आठवड्यात तो नुकताच फुलला होता. आधीच्या वर्षांत मी वायरमनशी हुज्जत घातलेली आहे. या वेळी शिडी धरली. फुलांनी लगडलेली फांदी माझ्या पायाशी पडली.

“दादा, त्या मोठ्या लायनीखालची कोण तोडतं?” मी विचारलं. गावाबाहेरच्या टेकडीवरून मनोऱ्यांची रांग जाते, तिकडे बोट केलं.

तो घाम पुसत थोडा वेळ तिकडे बघत राहिला. “ती लाइन आमच्याकडं नाही, काका. तिची माणसं वेगळी येतात.” मग डोळ्यांवर हात धरून म्हणाला, “त्या दोन टॉवरच्या मधी सुबाभूळ लई वाढलीय पण. सांगतो ऑफिसात.”

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिथूनच फोटो घेतला.